डिपॉझिट अडलंय, वर व्हिसाची धमकी

प्रश्न : मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. भाड्याचं घर सोडून दीड महिना झाला, तरी मालक डिपॉझिट देत नाही. मागितलं की ‘तुझ्या व्हिसाचं बघतोच’ म्हणतो. राज्याच्या न्याय विभागाकडे तक्रार केली तर पैसे मिळतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : थेट नाही. हा विभाग ॲटर्नी जनरलच्या हाताखाली चालतो. तो कुणा एकट्याचा वकील म्हणून उभा राहत नाही. एकाच मालकाविरुद्ध तक्रारी साचल्या, तर जनतेच्या वतीने तो खटला भरू शकतो. म्हणून तक्रार नोंदवाच, पण तेवढ्यावर विसंबू नका.

पैशांचा रस्ता स्मॉल क्लेम्स कोर्टातून जातो. घर सोडल्यापासून 21 दिवसांत मालकाने डिपॉझिट परत करायचं किंवा कपातीचा तपशील लेखी द्यायचा, असा तिथला कायदा आहे. मुद्दाम अडवलं असेल, तर मूळ रकमेशिवाय तिच्या दुपटीपर्यंत भरपाई लागू शकते. या कोर्टात सुनावणीला वकील चालत नाही, हे एक बरंच! एका व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. आधी मात्र लेखी मागणी पाठवावी. करारपत्र, घर सोडतानाचे फोटो आणि किल्ल्या दिल्याचा ईमेल जपून ठेवावा.

व्हिसाच्या धमकीला मुलाने बिचकू नये. भाडेकरूला धमकावण्यासाठी त्याच्या इमिग्रेशनचा धाक दाखवणं तिथे बेकायदा आहे. धमकी मेसेजवर आली असेल, तर तो डिलीट करू नको म्हणावं. स्क्रीनशॉट तक्रारीलाही जोडावा.