ऐच्छिक माहिती आणि शून्य गुण : पायथॉनच्या फंक्शनचा एक धडा



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग सुचवलेलं आहे. मुलं घरी येऊन प्रश्न विचारणारच. म्हणून आज पायथॉनमधला एक छोटा भाग पाहू : फंक्शनला द्यायची ऐच्छिक माहिती, म्हणजेच ऐच्छिक आर्ग्युमेंट.

१) तिकीट खिडकी

डोंबिवली स्टेशनच्या खिडकीवर आपण "एक ठाणे" एवढंच म्हणतो. सेकंड क्लासचं, फक्त जायचं तिकीट हातात येतं. फर्स्ट क्लास किंवा रिटर्न हवं असेल तरच तसं सांगावं लागतं. न सांगितलेली गोष्ट ठरलेली धरली जाते. हीच डिफॉल्ट किंमत.

डेफ तिकीट(कुठे, किती=१, वर्ग="सेकंड", प्रकार="सिंगल"):

इथे 'कुठे' सांगणं सक्तीचं, बाकी तिन्ही ऐच्छिक. तिकीट("ठाणे") एवढ्यावर काम होतं. फक्त रिटर्न हवं असेल तर नाव घेऊन सांगा : तिकीट("ठाणे", प्रकार="रिटर्न"). सक्तीची माहिती आधी, ऐच्छिक नंतर. क्रम उलटा केला तर पायथॉन चूक दाखवतो.

(पायथॉन ३ मध्ये नावं मराठीत चालतात. डेफ, इफ असे मूळ शब्द आणि आकडे मात्र इंग्रजीतच टाइप करा.)

२) 'दिलं नाही' आणि 'शून्य दिलं'

आता गुणपत्रक घ्या. मूल गैरहजर असेल तर गुण द्यायचेच नाहीत.

डेफ नोंद(नाव, गुण=नन):

'नन' म्हणजे काहीच दिलेलं नाही. पुढची तपासणी बरेच जण 'इफ नॉट गुण' अशी लिहितात. घोळ इथेच होतो. पायथॉन अशा तपासणीत ०, रिकामा मजकूर, रिकामी यादी आणि नन या सगळ्यांना 'नाही' असंच समजतो. म्हणजे पेपर लिहून शून्य मिळालेलं मूल थेट गैरहजर! बरोबर तपासणी अशी : 'इफ गुण इज नन'.

फरक किती पडतो बघा. दहा गुणांच्या चाचणीत तिघांना ८, ७ आणि ० मिळाले, चौथा आलाच नाही. हजर मुलांची सरासरी ५. शून्य गळलं की तीच ७.५ दिसते. वर्ग छान चाललाय असं वाटतं आणि ज्याला सर्वांत जास्त मदत हवी तोच यादीतून निसटतो. गैरहजर मुलाच्या घरी चौकशी करायची असते, शून्यवाल्याला शेजारी बसवून पुन्हा शिकवायचं असतं. दोघांची गरज वेगळी आहे.

३) यादीचा सापळा

डिफॉल्ट म्हणून रिकामी यादी ठेवू नका. पायथॉन ती फंक्शन तयार होताना एकदाच बनवतो आणि प्रत्येक वेळी तीच वापरतो. मग तिसरीची नावं चौथीच्या यादीत दिसायला लागतात. इथेही नन ठेवा आणि नवी यादी फंक्शनच्या आत बनवा.

वर्गात करून बघा

एका मुलाला खिडकीवर बसवा, बाकीच्यांना प्रवासी करा. "एक कल्याण" म्हटल्यावर काय काय न सांगता ठरलं, ते फळ्यावर लिहायला लावा. मग गुणांच्या चिठ्ठ्या वाटा : एकीवर ०, एक कोरी. दोन्ही वेगळ्या का, हे मुलांनाच सांगू द्या. संगणक उघडायच्या आधीच अर्धा धडा झालेला असेल.