शर्करामापकाचे आकडे विसंगत का येतात?

मधुमेह हा आता केवळ शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २० वर्षांवरील लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. औषध, पथ्य आणि तपासणी ह्या गोष्टी त्यामुळे आपल्याकडे घरोघरच्या झाल्या आहेत.

ह्यांपैकी काही घरांत गेल्या काही वर्षांत एक नवे साधन आले आहे. दंडाच्या मागील बाजूस चिकटविलेली नाण्याएवढी चकती आणि तिच्याकडून मोबाइलवर रात्रंदिवस येणारे साखरेचे आकडे, असे त्याचे स्वरूप. त्यास सतत शर्करामापक आणि व्यवहारात सीजीएम किंवा नुसते सेन्सर म्हणतात. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांस, विशेषतः मुलांस, त्याचा मोठा आधार असतो. परंतु कधी कधी आकडे असे उलटसुलट येतात की घरची माणसे गोंधळून जातात. चढा पण खोटा आकडा खरा मानून इन्शुलिन टोचले, तर साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. उतरता आणि खरा आकडा खोटा मानून स्वस्थ बसले, तरी परिणाम तोच. म्हणून आकडा केव्हा मानावा आणि केव्हा पडताळून पाहावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्र काय मोजते?

हे यंत्र रक्त मोजत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. चकतीखाली केसासारखा बारीक तंतू त्वचेच्या आत शिरलेला असतो. पेशींच्या भोवती जो द्रव असतो, त्यातील ग्लुकोज हा तंतू मोजतो. नेहमीच्या सेन्सरांत तंतूवर एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, लेप असतो. ग्लुकोजशी त्याची क्रिया होऊन अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. विकर व विद्युत्अग्र एकत्र आणण्याची ही कल्पना अमेरिकेतील लेलंड क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्याने १९६२ साली मांडली होती.

नदीला पाणी चढले की काठच्या विहिरीचे पाणीही चढते, पण मागाहून. रक्त आणि पेशींभोवतालचा द्रव ह्यांचे नाते असेच आहे. रक्तातील बदल ह्या द्रवात उमटण्यास साधारण ५ ते १५ मिनिटे लागतात. साखर स्थिर असताना हा उशीर जाणवत नाही. पण जेवणानंतर, धावल्यावर किंवा इन्शुलिननंतर ती झपाट्याने बदलत असता फरक मोठा पडतो. समजा, साखर मिनिटाला २ मिलिग्रॅमने उतरत आहे आणि यंत्र १० मिनिटे मागे आहे. तर यंत्र ९० दाखवीत असता रक्तात ७० च असेल. येथे यंत्र बिघडलेले नसते. ते थोडी जुनी बातमी सांगत असते. म्हणून आकड्याबरोबरच शेजारचा बाणही वाचावा.

किती फरक चालतो?

चांगल्या यंत्रांतही सरासरी ८ ते १० टक्के तफावत राहते. बोटातून रक्त काढून मोजणारा ग्लुकोमीटरही अगदी काटेकोर नसतो. म्हणून दोन्ही आकडे तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षा करू नये. व्यवहारात एक ठोकताळा वापरतात. रक्ताचा आकडा १०० किंवा अधिक असेल तर २० टक्क्यांपर्यंत आणि १०० च्या खाली असेल तर २० मिलिग्रॅमपर्यंतचा फरक चालण्यासारखा समजावा. रक्तात २०० असता यंत्राने १६० ते २४० च्या दरम्यान काहीही दाखविले, तर ते सदोष ठरत नाही. फरक याहून अधिक असेल आणि साखर स्थिर असतानाही तो वारंवार येत असेल, तर कारण शोधावे.

विसंगतीची नेहमीची कारणे

१. पहिला दिवस. तंतू शिरल्यावर त्या जागी किंचित इजा होते. यंत्र अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत तयारीसाठी घेते, तरी पहिले २४ तास आकडे डळमळीत राहू शकतात. ह्या काळात इन्शुलिनचा निर्णय बोटाच्या रक्तावरूनच घ्यावा.

२. अंगाखालचा दाब. रुग्ण सेन्सरच्या कुशीवर झोपला की तेथील द्रवाचा प्रवाह मंदावतो व आकडा एकदम कोसळतो. कूस बदलताच तो थोड्या वेळात पुन्हा वर येतो. मध्यरात्रीच्या पुष्कळशा खोट्या इशाऱ्यांचे कारण हेच असते. तथापि रात्रीचा प्रत्येक इशारा खोटाच, असे मात्र कधीही धरून चालू नये.

३. जागा व चिकटपणा. व्रण, गाठ किंवा नेहमी इन्शुलिन टोचण्याची जागा टाळावी. लावण्यापूर्वी कातडी साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. अंगास खोबरेल चोळण्याची सवय असल्यास त्या जागी ते लावू नये. शेतातील घाम, समुद्रस्नान व पावसाळ्यातील दमट हवा ह्यांनी चकतीची कड सुटते आणि तंतू हलतो. वरून वैद्यकीय पट्टी लावता येते. परंतु काही प्रकारांत चकतीच्या मध्यभागी छिद्र असते, ते झाकू नये. सुटलेला तंतू पुन्हा आत दाबण्याचा खटाटोप करू नये.

४. उष्णता. सेन्सरच्या खोक्यावर साठवणीचे तापमान छापलेले असते. बंद मोटारीत किंवा कौलाखालच्या फळीवर तो ठेवल्यास लावण्यापूर्वीच खराब होऊ शकतो.

५. औषधे. काही यंत्रांत ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने, काहींत पॅरासिटामॉलने, तर काहींत हायड्रॉक्सियुरियाने आकडा खोटा चढतो. आपल्या यंत्राचे माहितीपत्रक औषधविक्रेत्याकडून वा डॉक्टरांकडून समजावून घ्यावे. अतिसार किंवा उलट्यांनी शरीर कोरडे पडले असतानाही यंत्रावर विसंबू नये.

६. एकक. इंग्लंडमधील आप्ताने पाठविलेल्या यंत्रावर ५.५ असा आकडा दिसून घरात घबराट उडू शकते. तेथे निराळे एकक वापरतात. त्या आकड्यास १८ ने गुणावे, ५.५ म्हणजे ९९, अर्थात उत्तम.

आकडा चुकणे आणि आकडा मुळीच न येणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. दुसऱ्या प्रकारात मोबाइल फार दूर असणे, ब्लूटूथ बंद असणे किंवा बॅटरी वाचविण्याच्या सोयीने ॲप बंद पडणे, हीच कारणे बहुधा सापडतात.

शंका आल्यास काय करावे?

प्रथम रुग्णाकडे पाहावे, मग मोबाइलकडे. घाम, कंप, धडधड, अकस्मात भूक, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे दिसत असतील, तर यंत्र १२० दाखवीत असले तरी ताबडतोब बोटाचे रक्त तपासावे. तपासणीची सोय नसेल तर वाट न पाहता साखर द्यावी.

तपासणीपूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करणे अत्यावश्यक आहे. नुकताच आंबा सोललेल्या बोटाचे रक्त तपासले, तर आकडा भलताच चढा येतो आणि चांगल्या सेन्सरवर खोटा आळ येतो. पट्ट्यांची मुदत पाहावी व डबीचे झाकण घट्ट लावावे.

रक्तातील आकडा ७० च्या खाली असल्यास मोठ्या माणसास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा बोटाचेच रक्त तपासावे. लहान मुलांची मात्रा डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेली असावी. साखर दिल्यावरही सेन्सर काही वेळ कमीच आकडा दाखवीत राहतो. तो पाहून पुन्हा पुन्हा गोड भरविले, की तासाभराने साखर आभाळाला टेकते. उलट बाजूनेही तसेच. इन्शुलिन दिल्यावर आकडा लगेच उतरला नाही म्हणून दुसरी मात्रा घाईने देऊ नये.

बोटाच्या रक्तातही साखर फार चढलेली आढळली, तर दोष यंत्राचा नव्हे. इन्शुलिन उन्हाने खराब झाले आहे काय, मात्रा चुकली काय, ताप आहे काय, हे पाहावे. उलट्या, पोटदुखी किंवा खोल व जलद श्वास असल्यास रुग्णालय गाठावे.

सेन्सर काही हजार रुपयांचा असल्याने तो बिघडला तरी मुदत संपेपर्यंत वापरण्याचा मोह होतो. असे करू नये. वेळ, सेन्सरचा आकडा व रक्ताचा आकडा असे तीन रकाने वहीत भरावेत, सेन्सरचा क्रमांक लिहावा, आणि तो टाकून न देता विक्रेत्याकडे बदलून मागावा. चार नोंदी हाताशी असल्या की तक्रारीस वजन येते व डॉक्टरांसही निदान सोपे जाते.

शिक्षकांसाठी

वर्गात सेन्सर लावलेले मूल असल्यास त्याचा मोबाइल जप्त करू नये. तो त्याच्या औषधोपचाराचा भाग आहे. खेळाच्या तासानंतर यंत्र ठीक दाखवीत असूनही मूल निस्तेज दिसले, तर त्यास एकटे सोडू नये. ग्लुकोजची पुडी वर्गाच्या कपाटात असावी व ती कोठे आहे हे सर्व शिक्षकांस ठाऊक असावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सेन्सर हा जागता राखणदार आहे, पण त्याची हाक काही क्षण उशिराने येते आणि क्वचित तो उगाच ओरडतो. आकडा आणि माणूस ह्यांचे जमत नसेल, तेव्हा हात धुऊन बोटाचे रक्त तपासावे. एवढी एक सवय घरातील प्रत्येकाने अंगी बाणविली, तर ह्या साधनाचा खरा लाभ पदरात पडेल.