हायड्रोजनची बस : पाणी किती, वीज किती, अनुदान कुणाला?

मैत्रिणींनो, १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बैठकीत बसचा विषय निघाला की लवकर संपत नाही. आता हायड्रोजनच्या बसची बातमी कानावर येते. पाण्यावर चालते म्हणे, खरं का? आणि जिथं उन्हाळ्यात आपणच टँकरची वाट बघतो, तिथलं पाणी बसला द्यायचं का? या महिन्यात एवढंच शिकू. एकीनं मोठ्यानं वाचावं, दुसरीनं हिशोब वहीत मांडावा.

बस पाण्यावर चालत नाही. पाण्यात वीज सोडून त्यातला हायड्रोजन वायू वेगळा काढतात आणि दाबून टाक्यांत भरतात. बसमध्ये ‘फ्युएल सेल’ नावाचं यंत्र असतं. त्यात हा वायू आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की वीज तयार होते, तिच्यावर मोटर फिरते. मागून धूर नाही, वाफ निघते. पाणी फोडायला वापरलेली वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल, तर त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. देशात आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि तो काही स्वच्छ नाही. आपल्या शेतातल्या युरियासाठीही आधी हायड्रोजनच लागतो, बरं का.

गळतीचं काय? आपल्या स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. हायड्रोजन फार हलका, तो झटकन वर जातो. पण पेट पट्कन घेतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. म्हणून त्याचा पंप उभारायला खर्च मोठा येतो.

आता वही काढा. अक्कलकोट ते सोलापूर साधारण ४० किलोमीटर. मोठ्या बसला त्यासाठी सुमारे ३ किलो हायड्रोजन लागेल. एका किलोला ९ लिटर पाणी, म्हणजे २७ लिटर, दोन घागरी. शुद्ध करण्यात आणि थंड करण्यात जातं ते धरून चार-पाच घागरी म्हणा. एका फेरीला हे काही फार नाही. पण वर्षाला हजार टन हायड्रोजन काढणारा कारखाना घ्या. त्याला कमीत कमी ९० लाख लिटर लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे ९०० टँकर. काळजी करायची ती बसची नाही, कारखाना कुठं बसतो त्याची.

विजेचा हिशोब याहून बोलका आहे. एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे ५५ युनिट लागतात, म्हणजे आपल्या फेरीला १६५. बॅटरीची बस तेवढंच अंतर ५०-६० युनिटांत जाते. वीज आधी वायूत घालायची, मग वायूची पुन्हा वीज करायची, यात निम्म्याहून जास्त वाया जाते. हायड्रोजनचा फायदा लांब पल्ल्याला आणि जड मालाला, कारण टाकी थोड्या मिनिटांत भरते.

मग सरकार पैसा कशाला देतं? शिकण्यासाठी. केंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं. त्यातून मार्च २०२५ मध्ये ३७ बस-ट्रक आणि ९ पंपांच्या चाचण्यांना मंजुरी मिळाली. ठरलेल्या मार्गांत पुणे-मुंबई आहे. फताटेवाडीला ज्या एनटीपीसीचं कोळशाचं वीजकेंद्र आहे, तिनंच लेहसारख्या थंड, उंच ठिकाणी अशा पाच बस दिल्या आहेत. पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरनं बनवलेली देशी फ्युएल सेल बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांपुढे आली.

राज्याचं हरित हायड्रोजन धोरणही २०२३ चंच. पहिल्या ५०० फ्युएल सेल प्रवासी वाहनांना किमतीच्या ३० टक्के, पण कमाल ६० लाख. पहिल्या २० पंपांना ३० टक्के, कमाल साडेचार कोटी. ही ‘कमाल’ नीट समजून घ्या. बस २ कोटींची असेल तर ६० लाख मिळतील. अडीच कोटींची असली तरी ६० लाखच, बाकी १ कोटी ९० लाख घेणाऱ्यानं घालायचे. गटाच्या कर्जातलं अनुदान आपण पाहतोच, उरलेला हप्ता कुणी भरत नाही. हा पैसा गाडी घेणाऱ्याला आणि पंप उभारणाऱ्याला आहे. बचत गटाच्या सभासदाला यातून पंपाची एजन्सी देतो म्हणून कुणी नोंदणी फी मागितली, तर एक रुपयाही देऊ नका.

आमचं मत विचाराल तर हरित हायड्रोजन आधी खताला जावा, तिथं बॅटरीचा उपयोग नाही. आपल्या रस्त्याला बॅटरीची बस पुरे. एसटीची ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर धावलीच आहे. पण मुलींना कॉलेज सुटल्यावर गाडी मिळत नसेल, तर ती कशावर चालते याचं काय कौतुक?

ग्रामसभेत कधी हायड्रोजन किंवा सौर प्रकल्पासाठी जमिनीचा विषय आला, तर तीन गोष्टी विचारा : पाणी कुठल्या धरणाचं किंवा विहिरीचं, भाडं किती वर्षांचं, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे का. उत्तर ठरावात लिहून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या वाडीवरून रोज सोलापूरला किंवा अक्कलकोटला जाणाऱ्या बायका आणि मुली मोजून आणा, कुठल्या वेळेला किती ते वेगळं लिहा. तो आकडा घेऊन ग्रामसंघाच्या शिक्क्यानं अक्कलकोट आगाराला अर्ज द्यायचा आहे.