हात घातला तर काहीच नाही

मंडळी, १९६४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांची परिषद भरली होती. तिथल्या हॉटेलात एका खोलीबाहेर माणसांची भली मोठी रांग लागली. रांगेतले लोक साधेसुधे नव्हते. चांगले शिकलेसवरलेले शास्त्रज्ञ होते. आत असे काय होते? एक पट्टी आणि तिच्यावर पाडलेला तांबडा प्रकाश. त्या पट्टीतून पलीकडे पाहिले की खेळण्यातली आगगाडी दिसे. कागदावरच्या चित्रासारखी चपटी नव्हे, तर लांबी, रुंदी आणि खोली असलेली. मान डावीकडे नेली की गाडीची एक बाजू जास्त दिसे, उजवीकडे नेली की दुसरी. पुढच्या वस्तूने झाकलेला भाग मान हलवताच बाहेर येई.

बघणाऱ्यांना वाटले, गाडी मागे कुठे तरी लपवून ठेवली आहे. ते डोकावून शोधू लागले. गाडी तिथे नव्हतीच. ती शेकडो मैल दूर, मिशिगन विद्यापीठात राहिली होती. एमेट लीथ आणि युरिस उपाटनिएक्स या दोघांनी तिचे तिथे चित्र घेतले होते. अशा चित्राला होलोग्राम म्हणतात.

विद्वान माणसे पट्टीमागे डोकावली, म्हणून त्यांना हसू नका. तुम्ही आम्ही तेच केले असते. डोळा म्हणतो 'आहे', तेव्हा हात आपोआप पुढे जातो. तो का जातो, हे आधी समजून घेऊ.

आपल्याला देवाने डोळे दोन दिले आहेत. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. दोरा सुईच्या अलीकडून नाही तर पलीकडून जातो. आता हात लांब करून एक बोट उभे धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट भिंतीवरच्या खुंटीपासून इकडे तिकडे सरकल्यासारखे वाटेल. बोट जागचे हलत नाही. दोन्ही डोळ्यांना ते वेगवेगळ्या बाजूंनी दिसते, इतकेच. ही दोन चित्रे मेंदू एकत्र करतो आणि कोणती वस्तू जवळ, कोणती लांब, हे ठरवतो.

साध्या फोटोत ही सोय नाही. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळते. लग्नातला फोटो कितीही तिरका धरा, मागच्या रांगेतले मामा पुढच्यांच्या डोक्याआडून बाहेर येत नाहीत.

जत्रेत रेघारेघांची प्लास्टिकची चित्रे मिळतात, ती तुम्ही पाहिली असतील. एका बाजूने विठोबा दिसतो, जरा कलते केले की रखुमाई. त्यांवरून नख फिरवा, करकर आवाज येईल. त्यातली एकेक रेघ म्हणजे एक बारीक भिंग. भिंगाखाली दोन चित्रांच्या पट्ट्या आलटून पालटून छापलेल्या असतात. डाव्या डोळ्याला एक पट्टी आणि उजव्याला दुसरी अशी योजना केली, की त्याच कागदात खोली दिसू लागते. हा होलोग्राम नव्हे, पण त्याचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

सिनेमातही डोळ्यांवर चष्मा देऊन हीच युक्ती करतात. १९८४ साली मल्याळम भाषेत 'माय डिअर कुट्टिचातन' हा असा पहिला भारतीय चित्रपट निघाला. पुढे तो हिंदीत 'छोटा चेतन' नावाने आला. पडद्यातून वस्तू अंगावर येई आणि पोरे ती धरायला हात पुढे करीत. पण त्याच वेळी दुसरी एक भीती पसरली. एकाचा चष्मा दुसऱ्याने लावला तर डोळे येतील! ही भीती काही अडाणीपणाची नव्हती. डोळ्यांची साथ हाताने, रुमालाने पसरतेच. निर्मात्यांनी लोकांना वेड्यात काढले नाही. खेळाच्या सुरुवातीला त्यांनी नामांकित नट पडद्यावर आणले आणि चष्मे दर खेळानंतर जंतुरहित केले जातात, हे त्यांच्या तोंडून सांगवले. मला ही रीत फार आवडली.

आता खऱ्या होलोग्रामकडे वळू. त्याची कल्पना १९४७ साली डेनिस गॅबर यांना सुचली. ते मूळचे हंगेरीचे, १९०० साली बुडापेस्टला जन्मलेले. त्या वेळी ते इंग्लंडात काम करीत होते. सूक्ष्मदर्शक यंत्रातून अधिक स्पष्ट कसे दिसेल, याच्या मागे ते होते. कल्पना बरोबर होती, पण तिला लागणारा उजेड त्या काळी कुणाजवळ नव्हता. तो उजेड म्हणजे लेझर. तो १९६० साली तयार झाला.

कंदिलाचा किंवा सूर्याचा उजेड म्हणजे आठवड्याच्या बाजारातली गर्दी. ज्याचा तो कुठेही चालला आहे. लेझरचा उजेड म्हणजे लेझीम खेळणारी तालमीची पोरे. सगळ्यांचे पाऊल एकदम पडते, एकदम उठते. नावातले साम्य सोडून द्या, तो योगायोग आहे.

तळ्याच्या शांत पाण्यात थोड्या अंतरावर दोन खडे एकदम टाका. दोन्हीकडून गोल लाटा निघतील आणि जिथे भेटतील तिथे नक्षी उमटेल. उजेडाच्याही लाटाच असतात. लेझरचा एक झोत वस्तूवर पाडतात. तिथून परतलेल्या लाटा फिल्मवर येतात. दुसरा झोत सरळ फिल्मवर सोडतात. दोघांच्या भेटीची नक्षी फिल्मवर उठते. ती इतकी बारीक असते, की नुसत्या डोळ्यांना फिल्म करडी, डागाळलेली दिसते. गाडी नाही, काही नाही. चित्र घेताना टेबल केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतके जरी हलले, तरी सगळे काम फुकट जाते. पण त्या तयार फिल्मवर पुन्हा तसाच झोत टाका. वस्तूकडून ज्या लाटा आल्या असत्या, अगदी तशाच लाटा फिल्ममधून बाहेर पडतात. डोळ्याने फरक ओळखावा तरी कसा? आगगाडीकडून येणारा उजेड आणि हा उजेड सारखाच. मग मेंदू म्हणणार, गाडी आहे.

आणखी एक नवल सांगतो. अशा काचेचे तुकडे झाले, तरी प्रत्येक तुकड्यात अख्खी गाडी दिसते. आपण दाराच्या भोकाला डोळा लावला तर सगळे अंगण दिसते ना? फक्त त्या भोकापाशीच डोळा न्यावा लागतो. तसेच हे. ग्रीक भाषेत 'होलोस' म्हणजे संपूर्ण. त्यावरून हे नाव पडले. गॅबर यांना १९७१ साली या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, न्यूयॉर्कमधल्या कार्टिए या जवाहिऱ्याच्या दुकानाने आपल्या खिडकीत होलोग्राम लावला. बाईचा एक हात, त्यात हिऱ्यांचे कंकण. तो हात काचेबाहेर, रस्त्याच्या हवेत लोंबकळताना दिसे. माणसे थबकत. एका म्हातारीने तर हे सैतानाचे काम म्हणून त्याच्यावर छत्री हाणली, अशी गोष्ट सांगितली जाते. छत्रीला अर्थातच काही लागले नसणार. रशियाकडे याचा वेगळा उपयोग झाला. तिथले शास्त्रज्ञ युरी डेनिस्युक यांनी साध्या दिव्यातही दिसणारा होलोग्राम शोधून काढला होता. त्या रीतीने संग्रहालयांतल्या मौल्यवान वस्तूंची हुबेहूब चित्रे तयार झाली. मूळ वस्तू कुलपात ठेवून चित्र लोकांना दाखवता येऊ लागले.

आता एक घोटाळा दूर करू. हवेत माणूस उभा दिसला, की हल्ली लोक सरसकट होलोग्राम म्हणतात. २०१२ साली गुजरातच्या निवडणुकीत आणि २०१४ साली लोकसभेच्या निवडणुकीत नरेंद्र मोदी यांची भाषणे अशा रीतीने एकाच वेळी अनेक ठिकाणी दाखवली गेली. माणूस एका जागी बोलतो आहे आणि दूरदूरच्या मंचांवर तो उभा दिसतो आहे. पण ही युक्ती गॅबर यांची नव्हे. ती त्याहून कितीतरी जुनी आहे. २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनला जॉन पेपर यांनी ती नाटकात भूत दाखवण्यासाठी वापरली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची. रात्रीच्या एस.टी.त खिडकीशी बसा. बाहेर अंधार, आत दिवा. तुमचे तोंड बाहेर शेतात तरंगताना दिसेल. पेपर यांनी मंचावर मोठी काच तिरकी उभी केली आणि खाली खड्ड्यात नटावर भरपूर उजेड पाडला. बस्स. आता काचेऐवजी पातळ, पारदर्शक पडदा ताणतात आणि खड्ड्यातल्या नटाऐवजी यंत्रातून चित्र पाडतात. दिल्लीत इंडिया गेटपाशी २३ जानेवारी २०२२ रोजी नेताजी सुभाषचंद्रांची २८ फूट उंच प्रतिमा दाखवली, तीही प्रकाशयंत्राने पारदर्शक पडद्यावर पाडलेली होती. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला तिथे दगडी पुतळा बसला.

म्हणजे मंचावरचे चित्र बघून लोक फार तर चकित होतात. खिशाला झळ लागते ती दुसऱ्या एका होलोग्रामने. तो लहान आहे, नखाएवढा. तो तुमच्या घरातही असेल.

१९८३ साली मास्टरकार्ड कंपनीने आपल्या बँकेच्या कार्डांवर छापील होलोग्राम लावला. मार्च १९८४ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम आला. त्या अंकाच्या एक कोटीच्या आसपास प्रती निघाल्या. इतके कसे छापले? आधी ती बारीक नक्षी निकेल धातूच्या ठशावर उतरवतात. ठसा गरम करून प्लास्टिकवर दाबतात. मागे ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, म्हणून ते चकाकते. एकदा ठसा झाला, की मग नुसते दाबत सुटायचे. झेरॉक्सच्या यंत्रात तो घातला तर काळा किंवा करडा डाग येतो. म्हणून नक्कल रोखायला तो चांगला. पॅन कार्डावर, मतदाराच्या ओळखपत्रावर, औषधांच्या खोक्यांवर, कीटकनाशकांच्या बाटल्यांवर, बियाण्यांच्या काही पिशव्यांवर तो असतो. दारूच्या बाटलीवरही असतो, पण ती तुम्ही पाहिली नसेल असे मी धरून चालतो.

या चकाकीने लोकांच्या मनावर विलक्षण पकड घेतली. 'शिक्का चमकतोय ना? मग माल खरा!' असे म्हणणारी माणसे मी रोज बघतो. अहो, सात रंगांत चमकणारा कागद भेटवस्तू गुंडाळायलाही बाजारात मिळतो. त्याचे गोल तुकडे कापून चिकटवायला कितीसा वेळ लागतो?

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने असेच केले. कापसाचे बियाणे एका दुकानातून घेतले. भाव दोन पैसे कमी, शिक्का झगझगीत. बिल मागितले नाही. पेरले. दहा दिवस झाले, पंधरा झाले, रान बोडकेच. दुबार पेरणी करावी लागली, तीही उसनवारीने. तालुक्याला कृषी कार्यालयात गेला, तर साहेबांनी तीनच गोष्टी विचारल्या. बिल कुठे आहे? पिशवी कुठे आहे? तिच्यावरची खूणचिठ्ठी कुठे आहे? पिशवी त्याने चुलीत घातली होती.

शिक्का बघायचा कसा, ते सांगतो. दुकानाबाहेर उन्हात या. पिशवी हळूहळू कलती करा. नुसते रंग बदलले तर त्याला किंमत देऊ नका. आतली आकृती किंवा अक्षरे बदलतात का, एक आकृती खोल आणि दुसरी वर अशी दिसते का, ते बघा. कंपनीने पिशवीवर खूण लिहिली असेल तर ती वाचा. वाचता येते तुम्हाला आता. पण शिक्का खरा निघाला तरी तो फार तर पिशवीबद्दल बोलतो. आत बी कसे आहे, ते खूणचिठ्ठीवर असते. उगवणीचे शेकडा प्रमाण, लॉट नंबर आणि मुदतीची तारीख. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते. पिशवीवरचा लॉट नंबर आणि बिलावरचा लॉट नंबर एकच आहे ना, हे दुकानातच ताडून बघा. बिल द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर दुसऱ्या दुकानात जा.

तो शेतकरी गेल्या खरिपात माझ्याकडे पिशवी घेऊन आला होता. आम्ही दोघांनी ओसरीवर बसून तिच्यावरचे सगळे वाचले. ती त्याने वरून न फोडता खालच्या बाजूने उसवली, म्हणजे शिक्का आणि खूणचिठ्ठी शाबूत राहिली. मूठभर बी तिच्यात तसेच ठेवले, बिल घडी करून आत घातले, तोंड सुतळीने बांधले आणि ती पिशवी घरी नेऊन आढ्याला टांगली.