सोळा घरांचे कोडे

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळची लेणी पाहावयास निघाले, की वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. दौलताबादचा किल्ला म्हणून आज तो सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीची तटबंदी आणि वेरूळची शिल्पे यांची कीर्ती दूरवर पसरली आहे. परंतु या भूमीने आपल्याला आणखी एक देणे दिले आहे. ते दगडाचे नाही, शब्दांचे आहे.

तेराव्या शतकात देवगिरीस यादवांचे राज्य होते. सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे थोर विद्वान होते. त्यांचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. शार्ङ्गदेवांनी येथे ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्याचे अध्याय ७. स्वर, राग, ताल, वाद्ये, नृत्य अशा संगीताच्या साऱ्या अंगांचा विचार त्यांत आला आहे. गायन, वादन आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हणावे, असे शार्ङ्गदेव सांगतात. वेरूळच्या २१ व्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, नृत्यात रंगलेला शिव कोरलेला आहे आणि त्याच्या भोवती वादक आहेत. हे शिल्प त्या ग्रंथाहून कित्येक शतके जुने आहे. शिल्पकारांनी जे पाषाणात दाखविले, ते शार्ङ्गदेवांनी नेमक्या शब्दांत बांधून ठेविले.

त्यांतील पुष्कळ शब्द आपण रोज बोलतो. दोघांचे सूर जुळतात. कामात ताळमेळ राहत नाही. लांबलेले भाषण एकदाचे समेवर येते. पण शब्द कानावरून जाणे निराळे आणि तो ठाऊक असणे निराळे. आपल्याला एखादा शब्द खरोखर ठाऊक आहे काय, हे पाहण्याचे एक गमतीचे साधन आहे. ते म्हणजे शब्दकोडे.

आडव्या-उभ्या शब्दांचे हे कोडे १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात प्रथम आले आणि पुढे जगभर पसरले. मराठीत येताना त्याने आपल्या लिपीची रीत स्वीकारली. आपल्या कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सारी त्याच घरात येतात. जोडाक्षरालाही एकच घर पुरते. ‘ऋषभ’ या शब्दास तीन घरे लागतात: ऋ, ष, भ. ‘षड्ज’ या शब्दास दोनच: ष आणि ड्ज. आता ‘ऋषभ’ आडवा लिहा आणि त्यातील ‘ष’ पासून ‘षड्ज’ खाली उतरवा. दोन स्वरांची नावे एकाच अक्षरावर येऊन भेटली! सामाईक घरातील अक्षर दोन्ही शब्दांना मान्य असावे लागते. साऱ्या शब्दकोड्याचे रहस्य एवढेच आहे.

आता पुढील कोडे पाहा. काळ्या घरात काही लिहावयाचे नाही.

| १ | २ | ■ | ३ |
| ■ | ४ | ५ | □ |
| ■ | ■ | □ | ■ |
| ६ | □ | □ | ■ |

आडवे शब्द
१. टाळी आणि खाली यांनी दाखवितात ते गाण्यातील काळाचे माप. (२ अक्षरे)
४. रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात तो राग. यात सातही स्वर लागतात व त्यांतील एक तीव्र असतो. (३ अक्षरे)
६. हा कोकिळेचा स्वर. हा कोमलही होत नाही, तीव्रही होत नाही. (३ अक्षरे)

उभे शब्द
२. गाण्याचा वेग, विलंबित, मध्य आणि द्रुत असे हिचे तीन प्रकार. (२ अक्षरे)
३. गायक भराभर घेतो ती स्वरांची मालिका. (२ अक्षरे)
५. याच्या अलीकडे तीन स्वर आणि पलीकडे तीन स्वर. (३ अक्षरे)

येथे थोडे थांबा. शिसपेन्सिल घ्या, कोडे वहीत उतरवून घ्या आणि स्वतः सोडवून पाहा. मग पुढे वाचा.

उभा शब्द २ पाहू या. ‘वेग’ हा शब्द तर संकेतातच आला आहे, आणि शिवाय तो पुंल्लिंगी आहे. संकेतात ‘हिचे’ म्हटले आहे. म्हणजे उत्तर स्त्रीलिंगी हवे. व्याकरण असेही उपयोगी पडते! ‘गती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, दोन अक्षरांचा आहे आणि अर्थानेही जुळतो. मग लिहावयाचा काय?

थोडा धीर धरा. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात खोदले गेले. ते पायापासून उभारलेले नाही. डोंगर वरून खाली कोरीत नेऊन घडविले आहे. एकदा फोडून काढलेला दगड पुन्हा जागेवर बसविता येत नाही. म्हणून छिन्नी चालविण्यापूर्वी खाली काय यावयाचे आहे, याचा विचार कारागिरांना आधीच करावा लागला. आपणही लिहिण्यापूर्वी शेजारचा शब्द पाहू.

आडवा शब्द १ म्हणजे ‘ताल’. त्याचे दुसरे अक्षर ‘ल’ आणि उभ्या शब्द २ चे पहिले अक्षर ही एकाच घरात आहेत. तेथे ‘गती’चा ‘ग’ चालणार नाही. ‘ल’ ने आरंभ होणारा, वेगाचा वाचक स्त्रीलिंगी शब्द कोणता? ‘लय’. ताल हे काळाचे माप आहे आणि लय हा त्याचा वेग आहे. तीनतालाच्या मात्रा नेहमी १६ च असतात. विलंबित लयीत त्या सावकाश येतात, द्रुत लयीत झरझर जातात, एवढाच फरक.

‘लय’ मधला ‘य’ आपल्याला आडव्या शब्द ४ चे पहिले अक्षर देतो. येथे कोणी ‘कल्याण’ लिहिले असेल. त्याचे ज्ञान खोटे नाही, कारण या रागास कल्याण असेही म्हणतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी राग दहा थाटांत मांडले, तेव्हा याच्या थाटास कल्याण हेच नाव दिले. तीन अक्षरेही बरोबर भरतात. तरी ‘य’ ते नाव स्वीकारीत नाही. अर्थ योग्य असूनही शब्द जागेला योग्य नाही. त्या जागेचा शब्द ‘यमन’. त्याच्या ‘न’ वर वरून ‘तान’ उतरते आणि उभा शब्द ३ सुटतो.

‘यमन’ मधल्या ‘म’ पासून उभा शब्द ५ सुरू होतो. सा, रे, ग हे तीन स्वर अलीकडे आणि प, ध, नी हे तीन पलीकडे. मधला तो ‘मध्यम’. नावातच अर्थ आहे. आणि पाहा, यमन रागात जो एक स्वर तीव्र लागतो, तो हाच!

राहिला आडवा शब्द ६. त्याचे शेवटचे अक्षर ‘म’ एवढे कळले. पहिल्या दोन घरांतून कोणताही उभा शब्द जात नाही. म्हणजे त्या घरांना साक्षीदार नाही. ‘मध्यम’ पुन्हा लिहिला, तरी अक्षरे तक्रार करणार नाहीत. येथे अर्थ ठाऊक असल्यावाचून गत्यंतर नाही. शार्ङ्गदेवांनी सात स्वरांना क्रमाने सात प्राणी जोडले आहेत: मोर, चातक, बोकड, क्रौंच, कोकिळ, बेडूक आणि हत्ती. यांत कोकिळ पाचवा, म्हणून त्याचा स्वर ‘पंचम’. षड्ज आणि पंचम हे अचल स्वर. ते आपली जागा सोडीत नाहीत. उत्तर दोन्ही बाजूंनी पटले.

‘गती’चा अर्थ जुळला, पण अक्षर जुळले नाही, तो शब्द गेला. ‘मध्यम’चे अक्षर जुळले, पण अर्थ जुळला नाही, तोही गेला. शब्दाला स्वतःचा अर्थ असावा लागतो आणि शेजाऱ्याशी त्याचे पटावेही लागते. संगीतातही असेच आहे. रागातील प्रमुख स्वरास वादी आणि त्यास साथ देणाऱ्या दुसऱ्या महत्त्वाच्या स्वरास संवादी म्हणतात. यमनात गांधार वादी आणि निषाद संवादी. वादी कितीही मोठा असला, तरी एकट्याने राग उभा राहत नाही. तुमच्या निबंधातील वाक्यालाही हेच लागू पडते. केवळ सुंदर दिसतो म्हणून घातलेला शब्द शेजारच्या शब्दाशी जुळला नाही, तर सारे वाक्य बेसूर होते.

देवगिरीच्या त्या पंडितांनी शब्दांचे अर्थ इतक्या काळजीने ठरवून ठेविले, म्हणूनच सात-आठशे वर्षांनी आपण त्यांच्या आधारे एक घर भरू शकलो. पुढच्यांसाठी हे शब्द असेच नेमके राखणे, हे आता आपले काम.

स्वाध्याय

१. ‘गती’, ‘कल्याण’ आणि ‘मध्यम’ हे तीन शब्द आपापल्या जागी का नाकारले गेले? प्रत्येकाचे कारण एका वाक्यात लिहा.

२. पुढील शब्दांस प्रत्येकी किती घरे लागतील? गांधार, अवरोह, मृदंग, तंबोरा, मात्रा, सरगम.

३. तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी असते व नवव्या मात्रेवर खाली असते. कोड्याच्या १६ घरांवर क्रमाने बोट ठेवून हा ताल मोजा. खाली कोणत्या घरावर येते? त्या घरात अक्षर नाही, तरी ते मोजावे का लागते?

४. सूर जुळणे, ताळमेळ नसणे, समेवर येणे: यांचा संगीताशी संबंध नसलेल्या प्रसंगी वाक्यांत उपयोग करा.

५. ‘आरोह’ आणि ‘अवरोह’ या दोन शब्दांत कोणती अक्षरे समान आहेत? त्यांतील एका अक्षरावर हे शब्द आडवे-उभे मांडा. त्यांना आणखी दोन शब्द जोडून नवे कोडे तयार करा आणि प्रत्येक शब्दासाठी एक संकेत लिहा. संकेत असा असावा, की शब्द ठाऊक असणाऱ्यास तो पटेल, पण न शोधता सापडणार नाही.