मजला चढवण्याआधी

पोरांनो, वर मजला चढवायचा की हे घर विकून फ्लॅट घ्यायचा, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. बांधकामावर देखरेख करण्यात माझी उमर गेली. त्यातलं निम्मं शहाणपण जुन्या गवंड्यांकडून ऐकलेलं आहे, उरलेलं त्यांचं न ऐकणाऱ्यांची घरं पाहून आलेलं. ते सांगतो. निर्णय तुमचा.

जागा कधी कमी पडते ते आधी बघा. ‘पुरत नाही’ म्हणणाऱ्याला मी विचारतो, कधी पुरत नाही? नाताळला, सेंट मायकलच्या सणाला, मे महिन्यातल्या लग्नांना पाहुणे येतात म्हणून? चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी स्लॅब टाकत नाहीत, गाद्या टाकतात. मुलगी दहावीला आली आणि तिला दार लावून बसायला कोपरा नाही, आजीला रात्री बाथरूमपर्यंत जाववत नाही, ही रोजची अडचण. रोजच्या अडचणींची यादी करा. माळ्यावरचं भंगार काढून, मधली भिंत सरकवून, मागची पडवी बंदिस्त करून त्यातल्या किती सुटतात ते पाहा. उरलेल्यांसाठीच पुढचं वाचा.

कागद कोणाच्या काळातले, ते शोधा. वसईतल्या आपल्या माणिकपुरात इथेच घोळ होतो. आधी ग्रामपंचायत होती, मग नवघर-माणिकपूर नगरपरिषद आली, 3 जुलै 2009 पासून वसई-विरार महापालिका आहे. आणि 1990 ते 2010 या वीस वर्षांत नियोजन होतं सिडकोकडे. म्हणजे त्या काळातल्या घराची घरपट्टी एका दारी आणि बांधकामाची परवानगी दुसऱ्या दारी. बरेच जण घरपट्टीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि तिलाच परवानगी समजतात. घरपट्टी ही कराची पावती, बस. तिने मालकीही ठरत नाही आणि बांधकाम अधिकृतही होत नाही. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा आणि विकास आराखड्यातला झोन दाखला, एवढं हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला आगाऊ रक्कम देऊ नका. दारासमोरचा रस्ता आराखड्यात रुंद दाखवलेला असेल, तर तुमची नवी खोली कागदावर आधीच रस्त्यात गेलेली असते.

खालचं घर अधिकृत नसेल तर वरचा मजला अधिकृत कुठून होणार? ‘आधी बांधू, शास्ती भरू’ म्हणणारा कंत्राटदार भेटेल. शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. त्याच्या कलम 53 खाली अनधिकृत बांधकाम पाडण्याची नोटीस कंत्राटदाराच्या नावाने येत नाही, तुमच्या नावाने येते.

बहिणीची सही आधी, सिमेंट मागून. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर तुम्ही दुसऱ्यांच्या जमिनीवर पैसे ओतता आहात. ख्रिस्ती घरांत भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 लागतो, त्यात मुलगा-मुलगी समान. हिंदू घरांत 2005 च्या दुरुस्तीपासून मुलगीही मुलाइतकीच वाटेकरी. लग्न होऊन गेली म्हणून तिचा हिस्सा जात नाही. ज्यांना हिस्सा सोडायचा आहे त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोड पत्र घ्या. ज्यांना सोडायचा नाही त्यांच्याशी आताच बोला. मजला उभा राहिल्यावर हिश्शाची किंमत वाढते आणि बोलणंही महाग होतं.

पाया उघडून पाहा. आमचे जुने गवंडी म्हणायचे, गच्चीवर उभं राहून मजला ठरवू नका, खड्ड्यात उतरून ठरवा. गच्चीवर वडिलांनी सळ्या सोडून ठेवल्या आहेत, म्हणून पाया दोन मजल्यांचा आहे असं समजू नका. सळ्या हौसेनेही सोडतात. दोन-तीन कॉलमच्या बुंध्याशी खड्डा खणा, फुटिंग किती खोल आणि किती रुंद आहे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

वसईत आणखी एक गोष्ट विचारायची, ती बाहेरगावच्या इंजिनिअरला सुचणार नाही: घर बांधताना पाणी कुठलं वापरलं? कितीतरी घरं बोअरिंगच्या मचूळ पाण्यावर उभी राहिली, रेतीही खाडीची. काँक्रीटमध्ये मीठ गेलं की आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. कॉलमला उभी, सळईच्या रेषेत जाणारी चीर आणि तांबूस डाग दिसले, प्लास्टरवर टिचकी मारली की बद्द आवाज आला, तर समजा की कॉलम स्वतःचंच ओझं जेमतेम पेलतो आहे. त्यावर मजला नको.

घर चुन्या-मातीच्या भिंतींचं, कौलारू असेल, तर त्या भिंतींवर स्लॅब ठेवूच नका. वाढवायचंच तर शेजारी स्वतंत्र पायाचे स्वतंत्र कॉलम उभे करा आणि जुन्या-नव्याच्या मध्ये फट ठेवा. नवं बांधकाम पहिल्या काही पावसाळ्यांत थोडं खचतं, जुनं आधीच खचून बसलेलं असतं. दोन्ही एकत्र जखडली की चीर ठरलेली.

पाण्याला विचारा. शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, या जागी पूर्वी काय होतं? आपल्याकडची बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची जुनी तळी, भरावाने बुजवून त्यांवर घरं झाली आहेत. तसली जागा असेल तर माती तपासल्याशिवाय वजन वाढवू नका. दुसरं, जुलै 2018 च्या पुराचं पाणी घरात कुठवर चढलं होतं? त्या आठवड्यात लोकल बंद पडल्या आणि वसईत लोक घरात अडकले. त्या पाण्याची खूण भिंतीवर असेल, नसेल तर शेजाऱ्यांना लक्षात असेल. प्रत्येक डांबरीकरणाला, काँक्रिटीकरणाला रस्ता थोडा उंच होतो आणि आपलं जोतं तेवढंच खाली जातं. तळमजला दरवर्षी बुडत असेल तर बाजूला खोली वाढवणं म्हणजे बुडायला आणखी एक खोली तयार करणं. तिथे वर मजला तरी घ्यायचा, नाहीतर जागा सोडायची.

संडास-बाथरूम वाढवणार असाल तर सेप्टिक टँक वाढलेल्या माणसांना पुरणारी आहे का ते बघा, आणि ती विहिरीपासून किती लांब आहे तेही. विहीर बुजवून खोली काढू नका. सूर्या धरणाचं पाणी नळाला येतं ते येणाऱ्या दिवशी. विहीर रोज असते.

जिना आतून की बाहेरून, हे भांडण होण्याआधी ठरवा. बाहेरून जिना काढला की वरचा मजला भाड्याने देता येतो, तरुण जोडप्याला मोकळीक मिळते. पण बाहेरचा जिना आज सोय असतो, उद्या वाटणी. आतला जिना घर एक ठेवतो, मात्र सगळ्यांची ये-जा सगळ्यांना दिसते. दोन्हीत चूक काही नाही, काय हवं आहे ते सासू-सुनेने समोरासमोर बसून ठरवावं. आणि म्हाताऱ्यांची खोली खालीच, कमोडसकट.

दोन्ही बाजूंचा पूर्ण हिशेब मांडा. साठ लाखांचा फ्लॅट साठ लाखांना पडत नाही. मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, म्हणजे चार लाखांच्या आसपास. महिलेच्या नावावर घेतलात तर एक टक्का कमी. नोंदणी फी तीस हजार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत त्या किमतीला पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी तीन लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत तो नाही. वर दलाली, पार्किंग, सोसायटीचा मेंटेनन्स. आणि मोजा ते कार्पेट क्षेत्रफळ. ब्रोशरवरचं नाही.

मजल्याचा हिशेबही असाच फुगतो. आर्किटेक्ट, परवानगीची फी, काम चालू असताना भाड्याने राहायचं घर, जुन्या वायरिंगची नवी जोडणी, खालच्या मजल्याची रंगरंगोटी. कंत्राटदार देईल त्या आकड्यावर पाचवा हिस्सा वाढवूनच बँकेत जा. घर वाढवायलाही कर्ज मिळतं, पण मंजूर नकाशा दाखवल्यावरच. बँक नकाशा मागते ती तुम्हाला छळायला नाही, बुडणारे पैसे वाचवायला. त्यात तुमचेही वाचतात.

फ्लॅट घ्यायचा ठरला तर डोळे उघडे ठेवा. 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला आरक्षित जमिनीवरच्या 41 अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. तिथल्या लोकांनी खोल्या पैसे देऊनच घेतल्या होत्या. 2025 च्याच ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 माणसं गेली, तीही अनधिकृतच होती. खोट्या परवानग्यांवर इमारती उभ्या केल्याची प्रकरणंही आपल्याच तालुक्यात पोलिसांत गेली आहेत. म्हणून बिल्डरने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधा आणि बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र यांचे क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळा. स्वस्त मिळतंय ते का स्वस्त आहे, हे विचारायला लाजू नका.

मजला ठरला तर काम दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे मे अखेर छत बंद होतं. दर लेबरचा की मालासकट, सिमेंट आणि सळई कुठल्या कंपनीची, हे स्टँप पेपरवर लिहून घ्या. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या, शेवटचा दहावा हिस्सा पहिला पाऊस गळती न होता गेल्यावर. काँक्रीट कालवायला गोडं पाणी, मग टँकर लागला तरी चालेल. स्लॅबवर वाफे करून दहा-बारा दिवस पाणी उभं ठेवा आणि टेके काढायची घाई मिस्त्रीला करू देऊ नका.

आता माझं मत विचाराल तर असं. कागद साफ, भावंडं राजी आणि पाया भक्कम, तिन्ही जमलं तर मजला चढवा. एवढी मोकळी हवा आणि दारातली विहीर फ्लॅटमध्ये विकत मिळत नाही. तिन्हींतलं एक जरी अडलं, तर आठवणींसाठी अडून बसू नका, नीट पारखून दुसरं घर घ्या. आणि गच्चीवर लोखंडी अँगल ठोकून पत्र्याची खोली काढायचा तिसरा मार्ग कोणी सुचवला, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. उन्हाळ्यात ती भाजते, वादळात उडते आणि तिलाही परवानगी लागतेच.

पाया उघडायच्या दिवशी मला हाक मारा. इंजिनिअरबरोबर मीही येईन.