गाळा बघायला जाताना स्टॉपवॉच न्या: मायनर लीग बेसबॉलच्या स्काउटकडून शिकण्यासारखं



या आठवड्याच्या व्हिडिओत हा विषय दोन मिनिटांत उरकावा लागला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. दर बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच, "सर, गाळा बघून आलो, एक नंबर आहे, टोकन देऊन टाकू का?" मी विचारतो, काय बघितलं? उत्तर येतं, "गर्दी होती." डिपॉझिट, फर्निचर, पहिला माल धरून चार-पाच लाख अडकणार असतात आणि बघणं झालेलं असतं वीस मिनिटांचं. तेही एजंट शेजारी उभा असताना.

जगात काही माणसांना बघण्याचाच पगार मिळतो. अमेरिकेतल्या बेसबॉलचे स्काउट ही त्यातली एक जमात. त्यांची पद्धत आपल्याला जशीच्या तशी उचलता येते, म्हणून आज थोडं बेसबॉल.

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघाच्या हाताखाली मायनर लीगचे चार संघ असतात: वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. एकूण १२० संघ, आणि त्यात मेजर लीगचं स्वप्न बघणारी हजारो पोरं. बहुतेक जण तिथपर्यंत पोचतच नाहीत. काही स्काउट शाळा-कॉलेजची पोरं बघतात. दुसरे, म्हणजे प्रो स्काउट, हे इतर संघांच्या मायनर लीगमधली पोरं बघत फिरतात. उद्या खेळाडूंची अदलाबदल करायची वेळ आली, तर "त्यांच्याकडून हा मागा" हे मालकाला सांगता आलं पाहिजे. आपल्याला हे दुसरे कामाचे.

तुम्ही म्हणाल, आता सगळे आकडे कॉम्प्युटरवर मिळतात, मग मैदानावर कशाला जायचं? १९८७ चा एक सौदा बघा.

डेट्रॉइट टायगर्स तेव्हा विजेतेपदाच्या शर्यतीत होते आणि त्यांना ताबडतोब एक अनुभवी पिचर हवा होता. पिचर म्हणजे आपला बोलर समजा. त्यांनी अटलांटा ब्रेव्हजकडून ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात डबल-ए मधला २० वर्षांचा एक पोरगा दिला. त्या पोराचा त्या मोसमातला हिशोब काय? ४ विजय, १० पराभव. दर ९ इनिंगमागे ५.६८ धावा दिलेल्या. वहीत बघाल तर कुणी फुकट घेणार नाही असा माल. पण वय कमी होतं आणि हातात जोर होता, आणि हे दोन्ही पराभवांच्या रकान्यात दिसत नाही. तो पोरगा म्हणजे जॉन स्मोल्ट्झ. पुढे २१३ विजय, १९९६ चा साय यंग पुरस्कार, २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. गंमत म्हणजे त्याचा जन्मही डेट्रॉइटचाच.

यावरून टायगर्सला वेड्यात काढू नका हं. अलेक्झांडर त्या मोसमात त्यांच्यासाठी ९ सामने जिंकला, एकही हरला नाही, आणि संघ आपल्या गटात पहिला आला. त्यांना आज हवं होतं, आज मिळालं. अटलांटाला उद्या हवा होता. सौदा करताना आपल्याला यातलं काय हवंय हे ठरलेलं असावं, एवढंच. पहिल्या महिन्यापासून भाडं निघायलाच हवं अशी स्थिती असेल, तर "दोन वर्षांत इथे कॉलेज येणार आहे" असा गाळा कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी नाही.

आता स्काउट नेमकं करतो काय?

तो खेळाडूला एकच मार्क देत नाही. बॅटरचे पाच गुण वेगवेगळे बघतो: चेंडूला बॅट लावणं, फटक्यातली ताकद, धावणं, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येकाला २० ते ८० मध्ये मार्क. ५० म्हणजे मेजर लीगच्या सरासरीइतका, ८० म्हणजे क्वचित दिसणारा. ही मोजपट्टी मायनर लीगची नाही, मेजर लीगची आहे, हे लक्षात घ्या. आजूबाजूच्या पोरांपेक्षा बरा आहे, याला मार्क नाहीत. आणि प्रत्येक गुणाला दोन आकडे: आज किती, आणि पुढे कितीवर जाऊ शकेल. म्हणजे "ताकद ४०, पुढे ६०". मला ही दोन आकड्यांची सवय फार आवडते, कारण आपली बहुतेक भांडणं इथलीच असतात. घरमालक पुढच्या आकड्याचं भाडं मागतो आणि आपल्याला मिळतो आजचा आकडा.

जिथे मोजता येतं तिथे स्काउट डोळ्यावर भरवसा ठेवत नाही. खिशात स्टॉपवॉच असतं. चेंडू बॅटला लागला की चालू, पाय पहिल्या बेसला लागला की बंद. अंतर ९० फूट. उजव्या हाताच्या बॅटरला साधारण ४.३ सेकंद लागले तर सरासरी. डावखुऱ्याला ४.२, कारण तो उभाच राहतो पहिल्या बेसच्या बाजूला, त्याचं अंतर कमी पडतं. ४.० मध्ये पोचणारा उजवा म्हणजे विमान. नुसत्या नजरेला ४.३ आणि ४.० सारखेच "जोरात पळतो" असे दिसतात. आणि पोरगा आउट होणार हे कळून निम्म्यात सैल पडला, तर ती वेळ धरायची नाही, पण तो सैल पडला हे मात्र लिहायचं.

जागा कुठली धरायची हेही ठरलेलं. पिचर बघायचा तर होम प्लेटच्या मागे, म्हणजे चेंडू किती वळतोय ते दिसतं. बॅटर बघायचा तर उठून बाजूला जायचं, तो ज्या बाजूला तोंड करून उभा असतो तिकडे, तेव्हा हातांची हालचाल उघडी दिसते. एकाच खुर्चीवरून सगळं दिसत नाही. गाळासुद्धा समोरून बघावा, मग रस्त्याच्या पलीकडून, मग स्कूटरवरून येणाऱ्याच्या नजरेने. अर्ध्या जागा स्कूटरवरून दिसतच नाहीत.

सामना सात वाजता असला तरी स्काउट लवकर पोचतो. सराव बघतो. कोण मन लावून करतो, कोण टवाळक्या करतो. सामन्यात आउट झाल्यावर पोरगा डगआउटमध्ये काय करतो हेही बघतो. हेल्मेट आपटतो, की बसून पुढच्या पिचरकडे लक्ष देतो? मायनर लीगमध्ये २०२१ पासून एका गावात सलग सहा सामन्यांची मालिका ठेवतात, मंगळवार ते रविवार, सोमवारी सुट्टी. आठवडाभर मुक्काम केला की त्या संघाचे सगळे मुख्य पिचर बघून होतात आणि बॅटरचे चांगले-वाईट दोन्ही दिवस दिसतात.

शिवाय मैदानाचं गणित वेगळं. अल्बुकर्की हे शहर पाच हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, चेंडू लांब जातो, बॅटरचे आकडे फुगतात. स्काउट ते मनातल्या मनात वजा करतो. आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा पगाराच्या आठवड्यात बघितलेला गाळा हा आपला अल्बुकर्की.

पण प्रत्यक्ष बघितलं म्हणजे बरोबरच बघितलं असं मुळीच नाही. बिली बीनचं उदाहरण आहे. १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला पहिल्याच फेरीत घेतलं. उंच, देखणा, पाचही गुण दिसत होते, स्काउट हरखलेले. पण आउट झालं की तो स्वतःवरच चिडायचा, सावरायचा नाही. कारकिर्दीची सरासरी .२१९, म्हणजे पाच प्रयत्नांत जेमतेम एक हिट. १९९० मध्ये खेळ सोडून तो स्वतः स्काउट झाला आणि पुढे ओकलंड संघाचा व्यवस्थापक म्हणून आकड्यांवर भर दिल्याबद्दल जगभर गाजला. उलट बाजूने होजे आल्टुव्हे. व्हेनेझुएलात ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या चाचणीत "फारच बुटका" म्हणून त्याला घरी पाठवलं. पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. २००७ मध्ये फक्त १५ हजार डॉलरला करार झाला, आणि २०१७ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंची ५ फूट ६ इंच. उंचीला त्या पाच गुणांत रकानाच नाही, तरी ती डोळ्यात भरली.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेसाठी भारतात वेग मोजायचं यंत्र घेऊन गावोगाव शोध झाला. उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. बेसबॉल कधी न खेळलेल्या या पोरांशी पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण यंत्राने मोजला होता वेग, म्हणजे एकच गुण. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. दिनेश २०१० मध्ये परतला, रिंकू मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर काही वर्षं टिकला आणि दुखापतींनी अडला. "गर्दी होती" हे आपलं वेग मोजायचं यंत्र. बसस्टॉपवरची गर्दी बस पकडायला आलेली असते, तुमचा वडापाव खायला नाही.

आता गृहपाठ. एक वही घ्या. ज्या गाळ्याचा विचार चालू आहे त्याचे पाच गुण स्वतः ठरवा. किराणा असेल तर मी हे धरेन: लांबून दिसतो का, गाडी लावायला जागा, समोरून जाणाऱ्यांच्या हातात पिशव्या आहेत का, माल उतरवायची सोय, आणि शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक परत परत येतं का. पार्लर असेल तर यादी वेगळी. प्रत्येकाला दोन आकडे, आजचा आणि पुढचा. पुढच्या आकड्यासमोर कारण लिहा. कारण सुचलं नाही तर तो आकडा खोडा. तुमच्या गावातल्या चालणाऱ्या दुकानाला ५० धरा, त्याच गल्लीतल्या बंद पडलेल्याला नाही.

मग सलग सहा दिवस तिथे जा, वेगवेगळ्या वेळी, एकदा तरी सकाळी शटर उघडायच्या आधी. अर्धा तास मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि किती माणसं गेली, त्यातली किती थांबली, हे रेघा मारून मोजा. एक दिवस पावसाचा मिळाला तर सोडू नका. गटार तुंबतं का ते त्याच दिवशी कळतं. आकडे त्याच संध्याकाळी लिहा, घरी चर्चा व्हायच्या आधी. एजंटशी भाड्याचं बोलणं सातव्या दिवशी. तुमच्याकडे सोमवारी बाजार बंद असेल, तर मंगळवारपासून सुरू करा.